‘होय’ दाबू की ‘नाही’?

मागच्या नोव्हेंबरात, 2025 मध्ये, पूनम सागरमधल्या आमच्या बिल्डिंगमधल्या एक खाला मोबाइल घेऊन घरी आल्या. ‘लाडकी बहीण’ योजनेचं ई-केवायसी करायचं होतं. घरातलं कोणी कायम सरकारी नोकरीत नाही, असं विधान आणि त्याखाली दोन पर्याय: होय, नाही. खाला म्हणाल्या, “हमारे यहाँ कौन सरकारी नौकर है?” आणि त्यांचं बोट ‘नाही’कडे गेलं. मी थांबवलं. नकारार्थी विधानाला ‘नाही’ म्हणणं म्हणजे घरात सरकारी नोकर असल्याची कबुली.

खाला भोळ्या नाहीत. शिवणकामाचा सगळा हिशेब त्यांच्या तोंडावर असतो. पण फॉर्मची भाषा ही वेगळीच परीक्षा आहे.

माणसांच्या आकलनात फरक असतो हे बोलायला आपण कचरतो. कारण ‘यांचं डोकंच कमी’ असा शिक्का आपल्या समाजावर अनेकदा मारला गेला आहे. पण हा फरक प्रत्येक समाजात, प्रत्येक घरात असतो. एकाच माणसाचं डोकंही रोज सारखं चालत नाही. तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांवरचा एक अभ्यास 2013 मध्ये ‘सायन्स’मध्ये आला. तेच शेतकरी कापणीआधी, हात तंगीत असताना, बुद्धीच्या चाचण्यांत मागे पडले. कापणीनंतर पैसे आल्यावर सुधारले.

म्हणजे सरकारी मदतीची ज्याला सर्वांत जास्त गरज, त्याचंच डोकं त्या वेळी चिंतेने भरलेलं असतं. फॉर्म मात्र निवांत, पदवीधर माणूस डोळ्यांसमोर ठेवून लिहिला जातो.

दोन योजना शेजारी ठेवून बघा. शाळेतल्या पोषण आहारासाठी मुलाला काही भरावं लागत नाही. हुशार असो वा नसो, ताट सगळ्यांना मिळतं. आरटीईच्या 25 टक्के जागांसाठी ऑनलाइन अर्ज, कागदपत्रं, तारखा. तिथे गरजेइतकीच पालकांची चलाखीही मोजली जाते.

पडताळणी नको, असं माझं म्हणणं नाही. पैसा जनतेचा आहे, महिना 1,500 रुपये योग्य हाती जायलाच हवेत. पण ई-केवायसीत पती किंवा वडिलांच्या आधारचा ओटीपीही मागितला होता. दोघंही हयात नसलेल्या बाईने काय करायचं, हा प्रश्न नंतर सोडवावा लागला. तो आधीच सुचायला हवा होता.

आमच्या धंद्यात एखाद्या पायरीवर लोक गळू लागले, तर आम्ही ती पायरी दुरुस्त करतो. सरकारी योजनेत गळलेला माणूस ‘अपात्र’ ठरतो.

म्हणून मागणी साधी आहे: प्रश्न सरळ वाक्यात विचारा, चूक दुरुस्त करायची सोय ठेवा, आणि फॉर्म खुला करण्याआधी तो पाच-पन्नास खालांकडून भरून घ्या. तोवर, मित्रांनो, रविवारचा एक तास आपल्या बिल्डिंगसाठी काढा. खाली एक टेबल आणि दोन खुर्च्या पुरतात.