मौन म्हणजे संमती नव्हे

अकरा, तेरा आणि पंधरा वर्षांच्या मुलांच्या हाती वर्गातच प्रश्नावली द्यायची, तीवर नाव लिहू नये असे सांगायचे आणि आहार, मैत्री, छळ, धूम्रपान, मद्यपान यांविषयी विचारायचे, हा उपक्रम युरोपात चार दशके चालू आहे. इंग्लंड, फिनलंड व नॉर्वे येथील संशोधकांनी १९८२ साली आरंभलेल्या आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने दर चार वर्षांनी होणाऱ्या या पाहणीत आता पन्नासच्या आसपास देश सामील आहेत. अशा पाहण्यांवाचून धोरणकर्ते किशोरांविषयी केवळ तर्कच करीत राहिले असते, हे मान्य केले पाहिजे. परंतु वाद उपयुक्ततेचा नाही, संमतीचा आहे.

काही देशांत पालकांच्या लेखी होकारावाचून मुलाला प्रश्नावली देत नाहीत. अन्यत्र पालकांना पत्र जाते आणि नकार न आल्यास होकार गृहीत धरतात. पहिल्या रीतीत ज्या घरी कागद वाचण्यास कोणाला सवड नाही, किंवा सही करण्याची इच्छा नाही, तेथली मुले गळतात. आणि बहुधा त्यांचीच स्थिती कळणे अधिक अगत्याचे असते. दुसऱ्या रीतीत संख्या भरते, पण ती मौनाच्या बळावर. दोन देशांचे आकडे शेजारी मांडताना हा भेद नजरेआड झाला, तर तुलनाच लंगडी पडते.

या वादात खुद्द मुलाला मात्र कोणी फारसे विचारीत नाही. स्वतःशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा त्याचा हक्क १९८९ च्या बालहक्क करारातील बाराव्या कलमाने मान्य केला आहे. तथापि शिक्षक सांगतील ते करणे हीच जेथे शिस्त, तेथे 'ऐच्छिक' या शब्दाला अर्थ किती? स्कॉटलंडमध्ये २०२१ साली सरकारने योजलेल्या तेथल्यापुरत्या पाहणीत मोठ्या विद्यार्थ्यांना लैंगिक अनुभवांविषयी प्रश्न होते आणि उत्तरांशी विद्यार्थी-क्रमांक जोडलेला होता. अनेक स्थानिक परिषदांनी तीत भाग घेण्यास नकार दिला. विश्वास एकदा गेला की निर्दोष पाहणीलाही दारे बंद होतात.

भारत यापासून दूर नाही. तेरा ते पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांची जागतिक तंबाखू पाहणी येथे २०१९ मध्ये झाली. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळून घेता येईल अशी संमती आवश्यक मानली. मात्र संशोधन व सांख्यिकी यांना सशर्त सूट ठेवली. जेथे कायदा सैल होतो, तेथे संशोधकाच्या सदसद्विवेकाचे काम सुरू होते.

निनावी कागदावर घरातील मारहाण लिहिणाऱ्या मुलाचा माग कोणालाही काढता येत नाही. म्हणूनच ते खरे लिहिते आणि म्हणूनच ते एकटे राहते. अशा प्रश्नावलीच्या शेवटी निदान १०९८ हा बाल-साहाय्य क्रमांक छापलेला असावा, आणि कोरा कागद परत करणाऱ्या मुलाला कोणी जाब विचारू नये. त्याचा कोरा कागद हेही उत्तरच आहे.