अवघडलेपण आणि कौशल्य

चारचौघांसमोर उभे राहिले, की बहुतेकांचे हात जड होतात. एरवी दिवसभर राबणारे हेच हात आता कोठे ठेवावेत, ते कळेनासे होते. शब्द घशाशी अडतात. या अवस्थेला आपण अवघडलेपण म्हणतो आणि ‘हे आपले काम नव्हे’ असा निष्कर्ष काढून मोकळे होतो. माझ्या मते हा निष्कर्ष घाईचा आहे. कौशल्याकडे जाणारी वाट अवघडलेपणातूनच जाते.

महाविद्यालयात असताना मी प्रथमच वादविवाद स्पर्धेत भाग घेतला. भाषण अक्षरन् अक्षर पाठ होते. परंतु माझा मुख्य मुद्दा आधीच्या वक्त्याने अगोदरच खोडून काढला. आता काय बोलावे, हे न सुचून दोन वाक्यांनंतर मी खाली बसलो. सभागृह हसले. माझे वैगुण्य बोलण्यात नव्हते, ऐकण्यात होते, हे पुढे उमगले. दुसऱ्या खेपेस मी कागदावर केवळ चार मुद्दे लिहिले आणि प्रतिपक्षाचे म्हणणे कान देऊन ऐकले. बक्षीस तेव्हाही मिळाले नाही. मात्र उत्तर देता आले.

फजितीने खचणाऱ्यांनी महात्मा गांधींचे आत्मचरित्र वाचावे. बॅरिस्टर होऊन परतल्यावर मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात ते उभे राहिले, तेव्हा साक्षीदाराला विचारण्यासाठी त्यांना एकही प्रश्न सुचला नाही. खटला दुसऱ्या वकिलाकडे सोपवावा, असे सांगून ते खाली बसले. याच संकोचाने आपल्याला शब्द जपून वापरण्यास शिकविले, असे पुढे त्यांनीच नमूद केले आहे.

रंगमंचावर अवघडलेपण अधिकच उघडे पडते. नवख्या नटाची खरी पंचाईत होते ती दुसरा नट बोलत असताना. जाणता दिग्दर्शक अशा वेळी ‘सहज उभा राहा’ एवढेच सांगून थांबत नाही. तो नटाच्या हातांना काम देतो. कपड्यांची घडी घाल, पानाला चुना लाव. मन कामात गुंतले, की हात मोकळे होतात. पुण्याची महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धा भरवीत आली आहे. अशा स्पर्धांनी मराठी रंगभूमीला अनेक कलावंत दिले. त्यांतील प्रत्येकाने तालमीत कधी ना कधी अडखळूनच पुढची पायरी गाठली असेल.

खेळाच्या मैदानावरही हेच दिसते. अमेरिकेतील महाविद्यालयांत बेसबॉल हा खेळ दीडशेहून अधिक वर्षे खेळला जात आहे. चेंडू साडेसाठ फुटांवरून टाकला जातो आणि ताशी १४० किलोमीटर वेगाने आला, तर अर्ध्या सेकंदाच्या आत फलंदाजापाशी पोहोचतो. तेवढ्यात विचाराला सवड नसते. हजारो वेळा केलेला सरावच तेथे कामी येतो. तरीही दहांपैकी तीन वेळा यशस्वी होणारा फलंदाज चांगला मानला जातो. व्यावसायिक बेसबॉलमधील टेड विल्यम्स या थोर फलंदाजाने १९४१ मध्ये शंभरात सुमारे ४१ वेळा यश मिळविले. म्हणजे ५९ वेळा तो अपयशीच ठरला. धावफलकावर धावांबरोबर क्षेत्ररक्षकांच्या चुकांचाही आकडा मांडतात. चूक लपविली जात नाही आणि एका चुकीने खेळाडू संपतही नाही. पुढचा चेंडू येणारच असतो.

अर्थात, केवळ अडखळत राहिल्याने कोणी कुशल होत नाही. काय चुकले हे पाहणे, ते दुरुस्त करणे आणि पुन्हा उभे राहणे, हे कष्ट कोणालाही चुकत नाहीत. पण त्यासाठी पुन्हा उभे राहू देणारी जागा हवी. आपल्याकडे नेमके येथेच उणे पडते. ज्याला आधीच बोलता येते, त्यालाच पुन्हा पुन्हा व्यासपीठावर पाठविले जाते. जो अडखळतो, तो प्रेक्षकांतच राहतो. ज्यांचे शिक्षण मध्येच सुटले, त्यांच्या वाट्याला तर असे व्यासपीठ येतच नाही. नोकरी आणि संसार सांभाळून पुन्हा पुस्तक हाती घेणाऱ्या प्रौढांना तर आपल्या मुलांच्या वयाच्या विद्यार्थ्यांसमोर चुकण्याची लाज अधिकच जाचते.

म्हणून अभ्यासकेंद्रात, वस्तीतल्या वाचनालयात, गणेशोत्सवाच्या मांडवात नवख्यांसाठी थोडा वेळ राखून ठेवला पाहिजे. तेथे हौस हीच पात्रता असावी. श्रोत्यांनीही आपले एक कर्तव्य ओळखावे : अडखळणाऱ्याला हसू नये, त्याचे वाक्य पुरे होईपर्यंत थांबावे. कारण आज जो अडखळत बोलतो आहे, त्याने निदान बोलण्याचे धाडस तरी केले आहे.