कुत्र्याच्या बुद्धीलाही काम हवे

घरात आठ-दहा महिन्यांचा तरुण कुत्रा असला की वहाणांचा फडशा पडतो, कुंड्यांतील माती अंगणभर पसरते आणि येणाऱ्या-जाणाऱ्यावर भुंकण्यास खंड राहत नाही. मालक याला मस्ती म्हणतो व बहुधा दोनच उपाय योजतो : साखळी आणि छडी. हे दोन्ही उपाय चुकीच्या समजुतीवर आधारलेले आहेत, असे आमचे मत आहे. अशा कुत्र्याचा खरा रोग रिकामपण हा असतो.

कुत्रा हा लांडग्याच्या प्राचीन कुळातून आलेला प्राणी असून, निदान १५,००० वर्षे तो मनुष्याच्या सहवासात आहे. या दीर्घ काळात मनुष्याने त्याला कामासाठी निवडले व वाढविले. कर्नाटकातील मुधोळचा कुत्रा भक्ष्यामागे वेगाने धावण्यासाठी, तामिळनाडूतील राजापालयम रानडुकराच्या शिकारीसाठी, तर मेंढपाळाचा कुत्रा कळप राखण्यासाठी प्रसिद्ध झाला. आज शहरातील घरात ते काम उरलेले नाही. अंगातील वेग आणि मनातील जिज्ञासा मात्र कायम आहेत. साखळीने बांधल्यामुळे ही शक्ती नाहीशी होत नाही. कुरतडणे, उकरणे व भुंकणे यांतून ती वाट काढते.

या शक्तीला वळण कसे लावावे, याचे उत्तर विज्ञानाने दिले आहे. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत मांजरे व कुत्री पेटाऱ्यांत ठेवली होती. योग्य ती खटपट केली की दार उघडे व बाहेर अन्न मिळे. पुनःपुन्हा संधी मिळताच निष्फळ धडपड कमी होत गेली आणि सफल हालचाल लवकर होऊ लागली. ज्या कृतीचे फळ सुखद, ती कृती दृढ होते, हे तत्त्व त्यातून पुढे आले. रशियातील पाव्हलॉव्ह यांनी कुत्र्यांवरच प्रयोग करून दाखविले की, अन्नाची पूर्वसूचना देणारा संकेतही अन्नाइतकाच अर्थपूर्ण होऊ शकतो. म्हणून ‘शाबास’ हा शब्द आणि भाकरीचा तुकडा काही दिवस लागोपाठ दिले, तर पुढे त्या शब्दालाच मोल येते.

व्यवहारात याचा अर्थ सोपा आहे. ‘बस’ म्हणताच कुत्रा बसला तर बक्षीस त्याच क्षणी द्यावे. उशीर झाल्यास ते कोणत्या कृतीबद्दल मिळाले हे त्याला उमजत नाही. घरातील सर्वांनी एकच शब्द वापरावा. पाठ पाच मिनिटांचा असावा, पण दिवसातून तीन-चार वेळा घ्यावा. त्याच्या नाकालाही काम द्यावे. तीन वाट्या पालथ्या घालून एकीखाली खाऊ लपवावा, किंवा जुन्या फडक्याच्या घड्यांत तो गुंडाळून शोधावयास लावावा. मात्र कांदा, मनुका व चॉकलेट कुत्र्यास विषारी असल्याने ते कधीही देऊ नयेत. धावणे-फिरणे अर्थातच हवे. उन्हाळ्यात ते सकाळ-संध्याकाळच्या गारव्यात व्हावे.

यावर कोणी म्हणेल की, छडीनेही कुत्रा गप्प बसतो. बसतो खरा, पण गप्प बसणे म्हणजे शिकणे नव्हे. अमेरिकेत सेलिगमन व मेयर यांनी १९६७ साली प्रसिद्ध केलेले प्रयोग या बाबतीत विचार करावयास लावतात. ज्या कुत्र्यांना टाळता न येणारे विजेचे धक्के बसले होते, त्यांतील बहुतेक पुढे सुटकेचा मार्ग मोकळा असतानाही जागचे हलले नाहीत. प्रयोग निर्दय होता. त्याचा बोध मात्र विसरता येत नाही. आपल्या कृतीचा उपयोग नाही असे ज्याला वाटते, त्याची शिकण्याची उमेदच खचते. शिवाय भ्यालेला कुत्रा चावतो, आणि त्याच्या दातांशी पहिली गाठ पुष्कळदा घरातील मुलांचीच पडते.

हा केवळ दयेचा प्रश्न नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या आपल्या १९६० च्या अधिनियमानुसार, नेहमी बांधून वा कोंडून ठेवलेल्या कुत्र्यास वाजवी व्यायाम न देणे हा मालकाचा अपराध आहे. आमच्या मते कायद्याच्या या अपेक्षेत बुद्धीच्या व्यायामाचीही भर घातली पाहिजे.

कुत्रा पाळावा की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. परंतु ज्या घरात त्याच्यासाठी रोज तासभर वेळ निघणार नाही, त्या घराने पिलू आणू नये. जेथे आणले आहे, तेथील विद्यार्थ्यांनी आजच तीन वाट्या घेऊन बसावे. आपला कुत्रा विचार करतो आहे हे त्यांना प्रत्यक्ष दिसेल. आणि एकदा ते दिसल्यावर हातात छडी घ्यावीशी वाटणार नाही.