नकाशा मंजूर, पण भिंतीचे काय?

मारेगावसारख्या तालुक्याच्या गावी घरबांधणीचा हंगाम शेतीच्या हंगामाला बांधलेला असतो. कापूस विकला गेला, हाती चार पैसे आले, की पाया खणला जातो आणि स्लॅब पडतो तो नेमका उन्हाळ्यात. याच दिवसांत यवतमाळ जिल्ह्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि पिण्याच्या पाण्याचीही ओढाताण सुरू होते. काँक्रीटला मात्र याच वेळी पाणी हवे असते. उष्ण व कोरड्या हवेत काँक्रीट किमान १० दिवस, आणि सिमेंट राखमिश्रित असेल तर १४ दिवस ओले राखावे, अशी भारतीय मानक ४५६ ची शिफारस आहे. खेडोपाडी आज विकले जाणारे सिमेंट बहुधा मिश्र प्रकारचेच असते. ज्या कुटुंबाला घागरभर पाण्यासाठी वणवण करावी लागते, ते नव्या स्लॅबवर १४ दिवस पाणी मारील, ही अपेक्षा सहजासहजी पुरी होणारी नाही. परवानगीच्या कागदावर तर या १४ दिवसांना जागाच नाही.

बांधकामाच्या नियमांचे खरे दुखणे येथेच आहे. नियम नाहीत, असे कोणी म्हणू शकणार नाही. १९६६ चा प्रादेशिक व नगररचना अधिनियम आहे. मुंबईसारखे काही अपवाद वगळता राज्यभर लागू झालेली डिसेंबर २०२० ची एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली आहे. १९७० मध्ये प्रथम तयार झालेली आणि २०१६ मध्ये सुधारलेली राष्ट्रीय इमारत संहिताही आहे. परंतु स्थानिक पातळीवर या ग्रंथसंभारातून अंमलात येते ते मुख्यतः मोजपट्टीने मोजता येणारे: सामासिक अंतर किती सोडले, मजले किती चढवले, चटईक्षेत्र किती वापरले. सळई किती जाडीची, रिंगा किती अंतरावर, वाळूत माती किती, हे नकाशावर दिसत नाही. आणि जे नकाशावर दिसत नाही, ते कचेरीलाही दिसत नाही.

नव्या नियमावलीने १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील बांधकामाला रीतसर परवानगीच्या खेपांतून मोकळे केले. कागदपत्रे व शुल्क भरल्याची पोच पुरेशी मानली. सामान्य माणसाचे हेलपाटे वाचले, ही गोष्ट स्वागतार्हच आहे. पण लहान गावातील सामान्यांची घरे बहुशः याच मापाची असतात. म्हणजे ज्याला स्वतंत्र अभियंता परवडत नाही, त्याच्याच घरावरची सरकारी नजर सर्वांत आधी हटली. कापूस पिकवणारी काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. तिच्यावर उथळ पाया घातला की दोन-तीन वर्षांत भिंतीला तिरपी चीर जाते. पाया हालचालीच्या थराखाली नेणे, खड्ड्यातील काळी माती काढून मुरूम भरून चोपणे, हे उपाय जुने आणि माहितीचे आहेत. प्रश्न आहे तो पाया बुजण्यापूर्वी खड्ड्यात डोकावून पाहणार कोण, हा.

डोकावून न पाहण्याची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाड येथील तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळून १६ जणांचा बळी गेला. इमारत जुनीपुराणी नव्हती. तिला दहा वर्षेही झाली नव्हती. महाड हे महानगर नव्हे, नगरपरिषदेचे गाव आहे. गुन्हा नोंदला गेला तो बांधणाऱ्याबरोबरच आराखडा करणाऱ्यांवर आणि नगरपरिषदेच्या अधिकाऱ्यांवरही. जबाबदारीची ही साखळी इमारत उभी राहत असताना कोणी ओढून पाहिली असती, तर ती न्यायालयात ओढण्याची वेळ आली नसती.

आपल्या भागात भूकंपाचे भय नाही, हे समाधानही फसवे आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेपर्यंत किल्लारीचा परिसरही सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यातच गणला जात होता. तेथे चिखलात रचलेल्या जड दगडी भिंतींनीच हजारो माणसे गाडली. उत्तम नियम असूनही काय घडते, ते फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तानात दिसले. २०१८ मध्ये तेथे शुल्क घेऊन सदोष बांधकामांना अभय दिले गेले होते. पाच वर्षांनी भूकंपात ५० हजारांहून अधिक माणसे गेली. आपल्याकडेही २०१७ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतची अनधिकृत बांधकामे शुल्क आकारून नियमित करण्याची वाट उघडली. शुल्काने कागद नियमित होतो; कच्चा खांब पक्का होत नाही.

तपासणी वाढली की चिरीमिरी वाढेल, हा आक्षेप वाजवी आहे. एकाच अभियंत्यावर रस्ते, नाल्या, पाणीपुरवठा आणि बांधकाम यांचा भार असताना तो प्रत्येक खड्ड्याशी पोहोचेल कसा, हेही विचारावे लागेल. पण उत्तर सरकारच्याच एका योजनेत आहे. ग्रामीण घरकुलाच्या अनुदानाचा हप्ता जोते, छत अशा टप्प्याटप्प्याने, जागेवरचे छायाचित्र पाहून दिला जातो. स्वतःच्या पैशासाठी जे सरकार टप्प्याटप्प्याने पाहू शकते, त्याला नागरिकाच्या जिवासाठी तेच करणे अशक्य नाही. पाया भरण्यापूर्वी एकदा, स्लॅब ओतण्यापूर्वी सळई उघडी असताना एकदा, आणि पाणी मारण्याच्या काळात एकदा, अशा तीन वेळा घरमालकासमक्ष पाहणी व्हावी. तिचे छायाचित्र व पाहणाऱ्याचे नाव नगरपंचायतीच्या फलकावर लागावे. जे चारचौघांत लागते, ते लपवून विकता येत नाही. याच्या जोडीला गवंड्याला प्रशिक्षण आणि उन्हाळ्यातील बांधकामाला न पिण्याजोग्या पाण्याची सोय मिळाली, तर खर्च फार वाढणार नाही.

काँक्रीट एकदा ओतले की आतले सारे गुणदोष कायमचे झाकले जातात. म्हणून कायद्याने यायचे असेल, तर ते झाकण्यापूर्वी आले पाहिजे. नंतर येतो तो पंचनामा.