वाढत्या हृदयावरचा वण

करवीर तालुक्यातील गडमुडशिंगी हे गाव कोल्हापूर शहराच्या अगदी उशाशी आहे. उजळाईवाडीचा विमानतळ आणि गांधीनगरची बाजारपेठ ही त्याच्या शेजारची. शहराच्या इतक्या जवळच्या गावातील आईबापांनाही आपल्या मुलाच्या हृदयाची ‘वीज’ बिघडू शकते, याची कल्पना सहसा नसते. अंगावर पिणारे मूल एकाएकी दूध सोडते, मलूल होते, त्याला दरदरून घाम फुटतो. छातीला हात लावावा तर ठोके मोजता येऊ नयेत इतके जलद. तान्ह्या मुलांच्या या विकारात ठोक्यांची गती मिनिटाला २२० ते ३०० पर्यंत जाते. दृष्ट लागली, दात येत आहेत, पोट धरले आहे अशी कारणे शोधण्यात एखादा दिवस जातो, आणि मग कोल्हापूरच्या रुग्णालयात हृदयालेखाच्या कागदावर खरे कारण उमटते. तेथून पुढे ‘अ‍ॅब्लेशन करून घ्यावे का?’ हा प्रश्न आज ना उद्या त्या घरापुढे उभा राहतोच. वरकरणी एका कुटुंबाचा वाटणारा हा प्रश्न मुळात सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेचा आहे, आणि तिने त्याचा अजून पुरता विचार केलेला नाही.

हृदयाचे आकुंचन-प्रसरण एका सूक्ष्म विद्युत्प्रवाहाच्या आज्ञेने चालते. उजव्या कर्णिकेत उगम पावणारा हा प्रवाह कर्णिका व जवनिका यांमधील एकाच चौकीतून खाली उतरतो. ही चौकी प्रवाहाला क्षणभर थोपवून पुढे सोडते. काही मुलांत जन्मतःच या चौकीला वळसा घालणारी स्नायूंची एखादी आडवाट राहून गेलेली असते. वुल्फ, पार्किन्सन व व्हाइट या तिघा वैद्यांनी १९३० साली वर्णन केलेला आणि त्यांच्याच नावाने ओळखला जाणारा विकार तो हाच. प्रवाह चौकीतून खाली व आडवाटेने वर असा गरगर फिरू लागला की हृदय बेभान धावू लागते. अ‍ॅब्लेशन म्हणजे ही आडवाट जाळून बंद करणे. मांडीतील शिरेतून एक बारीक तार हृदयापर्यंत नेली जाते, दोषी जागा शोधली जाते आणि रेडिओलहरींच्या उष्णतेने तेथील काही मिलिमीटर स्नायू कायमचा निकामी केला जातो. ग्रामीण भाषेत सांगायचे तर हृदयाला आतून दिलेला हा डाग होय.

या उपचाराचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. १९८२ साली मोठ्या माणसांवर विजेच्या झटक्याने हा प्रयोग प्रथम झाला. त्या दशकाच्या अखेरीस रेडिओलहरींचे सौम्य तंत्र आले आणि नव्वदीच्या दशकात ते मुलांसाठीही सर्रास वापरले जाऊ लागले. अमेरिकेत मुलांच्या पाहणीवर आधारलेला जो अहवाल २००४ साली प्रसिद्ध झाला, त्यात तात्कालिक यशाचे प्रमाण ९५ टक्क्यांच्या आसपास आढळले. जन्मभर गोळ्या घेण्यातून आणि केव्हा झटका येईल या धास्तीतून हजारो मुले यामुळे मुक्त झाली. मात्र त्याच पाहणीत यशस्वी ठरलेल्या दहांपैकी सुमारे एका मुलाला वर्षभरात तोच विकार पुन्हा जडला. उपचाराच्या मेजावरील यश आणि वर्षानंतरचे यश यांत एवढे अंतर पडत असेल, तर वीस वर्षांनंतरचा हिशेब किती जपून मांडावा लागेल, हे उघड आहे.

हा हिशेब अवघड होण्याचे कारण मुलाच्या हृदयाच्या वाढीत आहे. नवजात अर्भकाचे हृदय भरते जेमतेम वीस-पंचवीस ग्रॅम, तर प्रौढाचे सुमारे तीनशे. जन्मानंतर थोड्याच काळात हृदयाच्या स्नायुपेशींची संख्या वाढणे जवळजवळ थांबते आणि पुढची वाढ मुख्यतः त्याच पेशी आकाराने मोठ्या झाल्याने होते. तेव्हा जळलेल्या जागी नवा स्नायू उगवत नाही; तेथे तंतूंचा वण राहतो. लहानपणी दंडावर टोचलेल्या लसीचा वण अंगाबरोबर मोठा होतो, हे कोणीही स्वतःच्या दंडावर पाहू शकतो. हृदयावरच्या वणाचे काय होते?

अमेरिकेतील जे. फिलिप सॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच प्रश्न कोकरांच्या हृदयावर तपासला आणि आपले निष्कर्ष १९९४ साली ‘सर्क्युलेशन’ या नियतकालिकात मांडले. कोवळ्या कोकरांच्या हृदयात रेडिओलहरींनी डाग देण्यात आले. काही महिन्यांनी पाहता कर्णिका आणि जवनिका या दोन्हींतील वण पहिल्यापेक्षा रुंदावलेले होते. जवनिकेतील वणांची कड तर स्पष्टही राहिली नव्हती. तंतू शेजारच्या निरोगी स्नायूत शिरलेले दिसले. स्नायूत असे विखुरलेले तंतू विजेच्या वाहतुकीत नवे अडथळे निर्माण करू शकतात, आणि प्रौढपणी नव्या तालविकाराचे बीज त्यातून पडू शकते. याच दशकात डुकरांच्या पिलांवर झालेल्या प्रयोगांत डागाच्या लगत असलेल्या हृदयधमन्यांच्या भिंतींनाही इजा पोचल्याचे दिसून आले. चिमुकल्या हृदयात या धमन्या तारेच्या टोकापासून फार दूर नसतात, ही गोष्ट येथे लक्षात घेतली पाहिजे.

कोकरू काही महिन्यांत जेवढे वाढते तेवढे वाढायला माणसाच्या मुलाला अनेक वर्षे लागतात, आणि प्राण्यांवरील निष्कर्ष जसाच्या तसा माणसाला लावणे शास्त्राला धरून होणार नाही. उपचार घेतलेली असंख्य मुले आज धडधाकट प्रौढ आयुष्य जगत आहेत, हेही तितकेच खरे. परंतु या प्रयोगांनी दिलेला इशारा जगभरच्या तज्ज्ञांनी मानला आहे. अमेरिकेतील बालहृदयतज्ज्ञांच्या व हृदयतालविषयक संस्थांनी २०१६ साली संयुक्तपणे दिलेल्या मार्गदर्शनात पंधरा किलो वजनाची मर्यादारेषा आखली आहे. त्याखालील मुलांत औषधे निष्फळ ठरली किंवा सोसली नाहीत, तरच अ‍ॅब्लेशनचा मार्ग पत्करावा, असा त्याचा आशय आहे. यामागे निसर्गाचे एक साहाय्यही गृहीत धरलेले आहे. तान्हेपणी हा विकार जडलेल्या बहुसंख्य मुलांचे झटके पहिल्या वर्षाच्या अखेरीस आपोआप थांबतात. त्यांतील काहींना पुढे शाळकरी वयात ते पुन्हा येतात. पण तोपर्यंत हृदय मोठे झालेले असते आणि तारेला वावरायला जागा असते.

थांबणे म्हणजे मात्र हातावर हात ठेवून बसणे नव्हे. सतत धावणारे हृदय थकते, फुगते आणि निकामी होऊ लागते. अशा वेळी औषधाला दाद न देणाऱ्या तान्ह्या मुलाचा जीव अ‍ॅब्लेशननेच वाचतो, आणि तेथे वीस वर्षांनंतरच्या वणाची चिंता करीत बसणे हा करंटेपणा ठरेल. आडवाट असलेल्या मुलाला अकस्मात मृत्यूचा धोका थोडा असला तरी असतोच. निर्णय तारतम्याने घ्यावयाचा आहे, आणि आधी थांबण्यासाठी व पुढे लक्ष ठेवण्यासाठी ज्या व्यवस्था लागतात त्या गावापर्यंत पोचल्या आहेत काय, हा खरा सवाल आहे.

महाराष्ट्रात योजनांची वाण नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशातील आरंभच २०१३ साली या राज्यात पालघर येथे झाला. त्याची पथके अंगणवाड्या आणि शाळांत जाऊन अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासतात. हृदयाला जन्मजात छिद्र असलेली कितीतरी मुले अशा तपासणीमुळे वेळेवर शस्त्रक्रियेपर्यंत पोचली. परंतु छिद्राचा आवाज स्टेथॉस्कोपला ऐकू येतो. आडवाटेला आवाज नसतो. झटका नसताना हे मूल चारचौघांसारखे खेळते-बागडते. ते ओळखण्यासाठी हृदयालेख काढावा लागतो, आणि या कार्यक्रमात ठरवून दिलेल्या विकारांच्या यादीत हृदयाच्या तालाच्या विकारांना वेगळे स्थान नाही. दुसऱ्या बाजूला महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेची संरक्षणमर्यादा प्रतिकुटुंब पाच लाख रुपये करण्याचा निर्णय २०२३ साली झाला. तो स्वागतार्हच आहे. तरीही विमायोजना स्वभावतः कृतीचे पैसे देते; वाट पाहण्याचे देत नाही. औषध देऊन चार वर्षे मुलावर नजर ठेवणाऱ्या डॉक्टरचे श्रम कोणत्याही पॅकेजात सहज बसत नाहीत. उपचारानंतरच्या तपासण्यांचा विचार झाला, तरी तो महिन्यांच्या मापाने होतो. वाढत्या हृदयाचे माप वर्षांचे आहे.

यातून उद्भवणारी स्थिती गडमुडशिंगीसारख्या कोणत्याही गावाच्या संदर्भात कल्पून पाहावी. मुलाचे अ‍ॅब्लेशन पुण्या-मुंबईच्या एखाद्या मोठ्या रुग्णालयात होते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुटुंब घरी परतते. कागदपत्रांची पिशवी ट्रंकेत पडते, आणि २०१९ वा २०२१ सारखा पंचगंगेचा महापूर आला तर तीही हाती राहील याची शाश्वती नसते. मूल बरे दिसते म्हणून पुन्हा तपासणी होत नाही. मुलगी असेल तर लग्नाच्या वेळी हा विषय काढूच नये, अशी घरच्यांची प्रवृत्ती होते. तीच मुलगी पंचवीस वर्षांनी बाळंतपणासाठी दुसऱ्या तालुक्यातील रुग्णालयात दाखल होते, तेव्हा तिच्या हृदयात कोठे डाग दिला होता हे तेथील डॉक्टरला ठाऊक नसते. कदाचित तिलाही ठाऊक नसते. क्वचित प्रसंगी उपचाराच्या वेळी मधल्या चौकीलाच इजा होते आणि मुलाला पेसमेकर बसवावा लागतो. त्याची बॅटरी आयुष्यात अनेकदा बदलावी लागते. त्या प्रत्येक खेपेचा खर्च कोणी करावयाचा, हे पहिल्या दिवशी कोणी सांगत नाही. गोठवून डाग देण्याच्या नव्या तंत्रात ही भीती कमी असते. पण त्यात विकार उलटण्याचा संभव अधिक. निर्दोष असा पर्याय नाही, आणि म्हणूनच पुढची पाळत अपरिहार्य ठरते.

करावयाच्या गोष्टी शासनाच्या आवाक्याबाहेरच्या नाहीत. वारंवार घेरी येणाऱ्या, एकाएकी छाती धडधडणाऱ्या वा कारणाविना दूध सोडणाऱ्या मुलाचा हृदयालेख तालुक्याच्या पातळीवर निघावा आणि तो वाचणारा जाणकार जिल्ह्याच्या रुग्णालयात उपलब्ध असावा. पंधरा किलोखालील मुलावर अ‍ॅब्लेशन करावयाचे झाल्यास औषधोपचार का अपुरे पडले, याची नोंद सक्तीची असावी आणि शक्य तेथे दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेतले जावे. डाग कोठे दिला, किती दिले, कोणत्या तंत्राने दिले याचे मराठीतील पत्रक पालकांच्या हाती पडावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे अशा प्रत्येक मुलाची राज्याच्या एका नोंदवहीत नोंद होऊन ते प्रौढ होईपर्यंत ठराविक काळाने त्याला तपासणीसाठी बोलावले जावे. डिजिटल आरोग्य अभियान २०२१ साली देशभर जाहीर झाले आणि नागरिकांना आरोग्य क्रमांकही मिळू लागले. त्या क्रमांकाचा याहून चांगला उपयोग कोणता?

मुलांची नोंद ठेवून त्यांचा पाठपुरावा करण्याची कल्पना करवीरच्या मातीला नवी नाही. राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१७ साली या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, तेव्हा मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दंडाची तरतूद केली होती. गैरहजर मूल कोणते हे कळण्यासाठी आधी प्रत्येक मूल पटावर असावे लागते, एवढी साधी गोष्ट त्यांच्या दरबाराला उमगली होती. शंभर वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर अद्ययावत यंत्रांनी सज्ज असलेल्या आरोग्यखात्याला, आपण बरे केलेली मुले आज कोठे आहेत हे सांगता येऊ नये, ही शोभादायक गोष्ट नाही.

अशा नोंदवहीचा लाभ त्या मुलांपुरता राहणार नाही. कोवळ्या हृदयावरील वणाचे चाळीस वर्षांनी काय होते, याचे अखेरचे उत्तर कोकरांकडून मिळणारे नाही. ते माणसांच्या मुलांच्या चिकाटीने ठेवलेल्या नोंदींतूनच मिळेल. डाग देण्याचे काम एका दुपारी उरकते. तो देणाऱ्यांची आणि त्याचे पैसे भरणाऱ्या शासनाची जबाबदारी मात्र त्या दुपारी सुरू होते, आणि मूल मोठे होईपर्यंत ती संपत नाही.