‘करप्ट’ नव्हे, न वाचलेली : नव्वदच्या दशकातील आवळलेल्या डिस्का

१/ नागपूरच्या मिहानमध्ये आज टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल यांची संकुले उभी आहेत. जगभरच्या कंपन्यांची सॉफ्टवेअरे तेथे सांभाळली जातात. त्याच शहरात एखाद्या घराच्या माळ्यावरून १९९३-९४ सालचा संगणक खाली उतरला, की निकाल मात्र मिनिटभरात लागतो : ‘डिस्क करप्ट आहे, फॉर्मॅट मारा.’ हा निकाल अनेकदा चुकीचा असतो आणि त्याची किंमत मराठीच्या अलीकडच्या इतिहासाला मोजावी लागते.

२/ त्या काळी ४० मेगाबाइटांची हार्ड डिस्कही महाग होती. म्हणून आहे त्याच डिस्कवर दुप्पट मजकूर मावविणारी सॉफ्टवेअरे आली. स्टॅक इलेक्ट्रॉनिक्सचे ‘स्टॅकर’ त्यांत अग्रणी. मार्च १९९३ मध्ये मायक्रोसॉफ्टने एमएस-डॉस ६.० मध्येच ‘डबलस्पेस’ घातले. स्टॅकने पेटंटभंगाचा दावा लावला. फेब्रुवारी १९९४ मध्ये ज्यूरीने १२ कोटी डॉलरची भरपाई ठरविली. डॉस ६.२१ मधून डबलस्पेस गेले, ६.२२ मध्ये ‘ड्राइव्हस्पेस’ होऊन परतले.

३/ ही कोर्टकचेरी सगळे चवीने सांगतात. यंत्र कसे चाले, हे कोणी सांगत नाही. आणि घोळ नेमका तेथेच आहे.

४/ डबलस्पेस सगळा मजकूर आवळून एकाच प्रचंड, लपविलेल्या फाइलीत ठेवी. तिचे नाव डीबीएलस्पेस.०००. संगणक सुरू होताना एक छोटा प्रोग्रॅम आधी मेमरीत चढे आणि त्या फाइलीलाच ‘सी’ ड्राइव्ह म्हणून पुढे करी. खरी डिस्क ‘एच’सारखे एखादे अक्षर घेऊन मागे राही. हीच डिस्क आजच्या विंडोजला जोडली, की दिसतात चार किरकोळ फाइली आणि एक अवाढव्य, निरर्थक वाटणारी फाइल. विंडोज ९५ आणि ९८ ती वाचत; एनटीच्या वंशातील विंडोजना, म्हणजे आजच्या विंडोजलाही, ती विद्या कधीच नव्हती. जिला ‘कचरा’ म्हणून डिलीट केले जाते, त्या एका फाइलीतच घरातला सारा मजकूर असतो.

५/ ‘पण डबलस्पेस डेटा खात असे ना?’ तक्रारी खऱ्या होत्या. मात्र एक कारण शेजारी बसले होते. डॉस ६.० चे ‘स्मार्टड्राइव्ह’ लिहायचा मजकूर काही क्षण मेमरीतच ठेवी. तेवढ्यात वीज गेली, की आवळलेल्या ड्राइव्हचा हिशेब अर्धवट राही. महाराष्ट्रात वीज किती वेळा जाई, हे थोरांना विचारावे. नोव्हेंबर १९९३ च्या ६.२ मध्ये हे लेखन आधी पुरे करून मगच प्रॉम्प्ट देण्याची सोय झाली, ‘स्कॅनडिस्क’ही आले. सगळे खापर डबलस्पेसच्या माथी मारणे हा आळशी इतिहास आहे.

६/ ड्राइव्ह ‘फार तुकड्यांत विखुरला आहे’ असे सांगून उघडायला नकार देत असेल, तर तोही नाश नव्हे. डीबीएलस्पेस.आयएनआय या फाइलीत तुकड्यांची मर्यादा लिहिलेली असते. ती वाढविली, की तोच ड्राइव्ह उघडू शकतो. पण हे मूळ डिस्कवर कदापि करू नये. आधी तिची बिटन्‌बिट नक्कल घ्यावी, मग एम्युलेटरमध्ये तीच डॉसची आवृत्ती चालवून सारे प्रयोग नकलेवर करावेत. मूळ डिस्कवर दुरुस्तीचा प्रोग्रॅम चालविणे म्हणजे जीर्ण कागदावर खोडरबर फिरविणे.

७/ एवढे करून फाइल उघडली, तरी पडद्यावर चित्रविचित्र चिन्हे. पुन्हा तोच निकाल : ‘करप्ट’. वास्तविक ते मराठीच असते, फक्त युनिकोडपूर्व. पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्टवर लिहिलेला मजकूर इस्की संकेतात असतो आणि त्याचा तक्ता आयएस १३१९४ : १९९१ या मानकात छापलेला आहे. श्रीलिपीसारख्या फॉन्टात लिहिले असेल, तर आधी फॉन्ट ओळखावा लागतो. कष्टाचे काम आहे, अशक्य नाही.

८/ मोडी वाचता येईना म्हणून घरातले रुमाल रद्दीत घालणाऱ्यांना इतिहासप्रेमी आजही दूषणे देतात. वाईला सापडलेल्या कागदांवरून राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, याचा अभिमान बाळगतात. आणि तेच लोक आजोबांची हार्ड डिस्क भंगारात किलोवर घालतात! न वाचता येणे हा कागदाचा दोष नव्हता, डिस्कचाही नाही.

९/ डबलस्पेस आले त्याच १९९३ साली संसदेने सार्वजनिक अभिलेख कायदा केला. केंद्राच्या कार्यालयांपुरत्या त्या कायद्याने संगणकाने निर्माण केलेली सामग्रीही अभिलेखच मानली. कायद्याला तेव्हाच कळले ते घरांना अजून कळायचे आहे. राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाची शाखा नागपुरात आहे, हात चालणारे अभियंते मिहानमध्ये आहेत. महिन्यातला एक शनिवार हे दोघे एकत्र बसू शकत नाहीत, याला पैशाची अडचण म्हणता येणार नाही.

१०/ तोवर डिस्क सापडली, तर तिला वीज देण्याआधी एक चिठ्ठी चिकटवावी : कोणाची, कोणत्या सालची, डॉस कोणता, मराठी कशात लिहीत. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर घरातल्या ज्याला ठाऊक असेल, त्याला आजच विचारावे.