हापूसमधली अळी येते कुठून? उत्तर गडग्यापलीकडे आहे

मे महिना संपत आलाय. पेटीतला शेवटचा आंबा वरून एकदम झकास, पिवळाधमक. कापला तर आत पांढऱ्या अळ्या वळवळतायत. आपण ‘शी’ म्हणून आंबा फेकतो, फॅमिली ग्रुपवर फोटो टाकतो आणि आंबेवाल्याला चार शब्द सुनावतो.

ही अळी फळमाशीची. (हापूसचा साका वेगळा. त्यात गर बिघडतो, पण किडा नसतो. कोयीत सापडणारा भुंगाही वेगळा.) मादी माशी फळाच्या सालीला बारीक भोक पाडते आणि सालीखाली अंडी घालते. एक-दोन दिवसांत अंड्यातून अळ्या निघतात आणि गर खात वाढतात. फळ सडून खाली पडलं की त्या मातीत शिरून कोष करतात. साधारण दहा दिवसांनी कोषातून नवी माशी बाहेर पडते. एक मादी आयुष्यात हजाराहून जास्त अंडी घालू शकते. फळ हातात घेऊन बघितलं तर बाहेरून बहुतेक वेळा काहीच कळत नाही.

प्रकरण फक्त ‘शी’ म्हणण्यापुरतं नाही. 2013 मध्ये युरोपात पोचलेल्या भारतीय फळं-भाज्यांच्या 207 खेपांमध्ये फळमाशी आणि इतर किडी सापडल्या. त्यानंतर 1 मे 2014 पासून, म्हणजे ऐन हंगामात, युरोपियन युनियनने भारतीय आंब्यावर बंदी घातली. सोबत कारलं, पडवळ, वांगं आणि अळूही गेले. आंब्यावरची बंदी उठायला जानेवारी 2015 उजाडलं. आज युरोपला जाणारा आंबा आधी गरम पाण्याच्या किंवा वाफेच्या प्रक्रियेतून जातो. अमेरिकेला जाणाऱ्या आंब्यावर विकिरण करावं लागतं. मे 2025 मध्ये अमेरिकेच्या विमानतळांवर 15 खेपा नाकारल्या गेल्या, तेव्हा अडचण याच विकिरणाच्या कागदपत्रांची होती. एवढीशी माशी, पण सगळा खर्च तिच्यासारख्या किडींच्या भीतीपोटी.

मग बागायतदार फवारणी करत नाहीत का?

करतात. बागेत सापळेही लावतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळा कोकणात बऱ्याच बागांत लटकलेला दिसेल. त्यात मिथाईल युजेनॉल असतं. त्याच्या वासाने नर माश्या आत जातात आणि मरतात. तरी शेवटच्या तोडीला अळी निघतेच, कारण माशी त्या बागेची नसतेच.

हापूसची फळं झाडावर असतात जेमतेम तीन-चार महिने. माशीला मात्र वर्षभर जगायचंय. बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस ही आंब्यावरची मुख्य फळमाशी शेकडो प्रकारच्या फळांवर वाढू शकते. आंबा संपला की पावसाळी पेरू असतो. पावसाळ्यातला पेरू अळीशिवाय मिळणं किती अवघड असतं, हे परसात झाड असलेल्या कुणालाही विचारा. मग जाम, चिकू, पपई, रस्त्याकडेचा देशी बदाम. थंडीत संख्या घटते, पण माशी संपत नाही. पुढच्या उन्हाळ्यात कलमं पिकायला लागली की गडग्यापलीकडून पाहुणे हजर.

शिवाय माशी पूर्ण वेळ फळावर बसून नसते. अंडी तयार व्हायला मादीला प्रथिनं लागतात. ती मिळतात आसपासच्या झाडांच्या पानांवर: मावा-तुडतुड्यांनी टाकलेला चिकटा, पक्ष्यांची विष्ठा, पानांवरचे जिवाणू. काकडी-कारल्यावरच्या फळमाशीचा अभ्यास हवाई बेटांवर 1950 च्या दशकातच झाला होता. त्यात दिसलं की माश्या दिवसाचा बराच वेळ शेताच्या कडेच्या झाडोऱ्यात बसून असतात आणि मादी शेतात येते ती मुख्यतः अंडी घालायला. म्हणजे पिकावर कितीही फवारलं तरी माशी कडेला सावलीत निवांत. म्हणून तिथे शेताभोवती मक्यासारख्या उंच पिकाच्या ओळी लावून आमिष त्या ओळींवर फवारण्याची पद्धत आली. पीक वाचतं, औषधही कमी लागतं.

हवाईतच दुसरी डोकेदुखी म्हणजे ब्राझीलहून आणलेला एक पेरू. तो डोंगरभर रानटी माजलाय आणि त्याच्या फळांवर माश्यांच्या फौजा तयार होतात. एकेकट्या शेतकऱ्याच्या हातात हे नाही, हे ओळखून 2000 च्या सुमारास तिथे अख्ख्या भागाने मिळून माशी आवरायचा कार्यक्रम सुरू झाला.

मग तोडा सगळं रान?

थांबा. इथेच गडबड होते. बागेभोवतीचं रान म्हणजे फक्त माशीचं माहेर नाही. माशीच्या अंड्यांत आणि अळ्यांत आपली अंडी घालून तिला संपवणाऱ्या बारीक गांधीलमाश्याही तिथेच जगतात. झाडावर पानं शिवून घरटी करणाऱ्या लाल मुंग्या (सिंधुदुर्ग-गोव्यात हुमले) तर आणखी कामाच्या. आफ्रिकेतल्या बेनिनमध्ये आणि ऑस्ट्रेलियात आंब्याच्या बागांवर झालेल्या अभ्यासांत, जिथे या मुंग्या भरपूर तिथे फळमाशीचं नुकसान कमी दिसलं. आता तोडणीला चढलेल्या गड्याला हे सांगून बघा, तो तुम्हालाच झाडावर चढवेल! पण मुद्दा खरा आहे.

त्यामुळे प्रश्न झाड असण्याचा नाही. त्याखाली सडत पडलेल्या फळाचा आहे. पडलेली फळं रोज गोळा करून दोन-तीन फूट खोल पुरली, किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवली, तर पुढची पिढी तिथेच थांबते. हवाईत यासाठी जाळीचा तंबूही वापरतात. सडकी फळं आत टाकायची. जाळीची भोकं अशी असतात की माशी आत अडकते आणि तिचा काळ ठरणारी गांधीलमाशी बाहेर निघून जाते. मला तरी ही आयडिया भारी वाटली.

आणि हो, ‘बागेत तुळस लावा, फळमाशी पळेल’ हा सल्ला कुणी दिला तर फॉरवर्ड करू नका. तुळशीत मिथाईल युजेनॉल असतं, म्हणजे सापळ्यात असतं तेच. नर माश्या त्याने पळत नाहीत, उलट खेचल्या जातात. इतकंच नाही, ते चाटलेल्या नरांना जोडीदार मिळवणं जास्त सोपं जातं.

सापळ्याबद्दलही एक गैरसमज आहे. सापळा भरला म्हणजे बाग वाचली, असं नाही. त्यात येतात ते नर, आणि अंडी घालते मादी. ती शेजारून मीलन करूनच आली असेल तर तुमच्या सापळ्याचा तिला काही फरक पडत नाही. माशी काही किलोमीटर सहज जाऊ शकते, म्हणून सापळे गावाने मिळून लावले तर उपयोग.

कोकणात खरी अडचण इथे येते. शेजारचं रायवळ आंब्याचं झाड कुणाचं? सातबाऱ्यावर पंधरा नावं, त्यातली बारा मुंबई-ठाण्यात. गणपतीला घर उघडतं, मे महिन्यात जमलं तर. आंबे कोण काढणार? ते पडतात, सडतात आणि पहिल्या पावसात तिथून माश्या निघतात. जो बागायतदार कर्ज काढून कलमं सांभाळतोय, त्याला त्या झाडाखालची फळं उचलायलाही परवानगी कुणाची घ्यायची हे ठाऊक नसतं. युरोपसाठी बागांची नोंदणी होते, प्रक्रिया केंद्रांची तपासणी होते. गडग्यापलीकडच्या त्या झाडाची नोंद कुठल्याच रजिस्टरात नाही.

तुमच्या गावच्या घराच्या आवारात असं झाड असेल, तर मे संपायच्या आधी शेजारच्या काकांना एक फोन करा. ‘खाली पडलेले आंबे उचलून पुरलेत तरी चालेल’, एवढंच सांगायचंय.